लो आइल्सची नोंदवही

प्राणिशास्त्र शिकवण्यात माझी उमर गेली. प्रवाळाचा धडा आला की मी डार्विन लवकर आटपायचो. प्रवाळबेटं बनतात कशी, हे त्याने १८४२ साली मांडलं. ती जगतात कशी, आजारी कशाने पडतात, हे मात्र वर्षभर तिथे तळ ठोकल्याशिवाय कळणार नव्हतं.

तो तळ जुलै १९२८मध्ये पडला, ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या किनाऱ्यासमोरच्या लो आइल्सवर. ब्रिटिश चमूचे प्रमुख मॉरिस यंग तिशीच्याही आत होते. पत्नी मॅटी चमूच्या डॉक्टर. चमूतले ऑर दर आठवड्याला होडीतून ठरलेल्या जागी जात आणि पाण्याचं तापमान, खारेपणा, फॉस्फेट मोजत. चमूतल्याच स्पेंडरने बेटाचा नकाशा काढला. सिडनी मँटन या तरुण संशोधिकेने आणि स्टीफन्सन पतिपत्नींनी ठरावीक रेषेवर कुठे कोणतं प्रवाळ आहे, ते मोजून कागदावर उतरवलं.

१९२९च्या उन्हाळ्यात ओहोटीला उथळ पाणी ३५ अंशांपर्यंत तापलं आणि प्रवाळ पांढरंफटक पडलं. यंग आणि चमूतले निकोल्स यांनी कारण शोधलं: प्रवाळाच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं उष्णतेने बाहेर टाकली जातात. रंग त्यांचाच आणि अन्नाचा मोठा वाटाही त्यांचाच. ती परतली नाहीत, तर प्रवाळ उपाशी मरतं.

आता उपग्रह पाण्याचं तापमान पाहतात. त्या जागेच्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा पाणी किती अंशांनी आणि किती आठवडे जास्त तापलं, याचा बारा आठवड्यांचा हिशेब मांडतात. आकडा चारवर गेला की प्रवाळ पांढरं पडण्याची भीती, आठवर गेला की मरतुकीची. पण आधी तिथे काय होतं, हे उपग्रहाला ठाऊक नसतं. नव्वद वर्षांत लो आइल्सचं प्रवाळ घटलं, जातीही कमी झाल्या, हे छातीठोकपणे सांगता आलं ते जुन्या कागदांशी ताडून पाहिल्यामुळेच.

मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहे; १९८७पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. तिथे पाण्याखाली उतरणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: फोटो जरूर काढा, पण सोबत तारीख, जागा, खोली आणि पाण्याचं तापमानही लिहून ठेवा. फोटो नुसता सुंदर असून भागत नाही; पन्नास वर्षांनी त्याचा पुरावा व्हायला हवा.