गाडी टायरवर सुटते, रेसवर नाही

वाशीम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोड, कुठल्याही गॅरेजबाहेर जमलेल्या तरुणांना विचारा. सरळ शर्यतीत गाडी जोरात सोडायची असेल तर काय करायचे, याचे उत्तर ठरलेले असते: फुल रेस द्यायची आणि क्लचवरचा पाय झटक्यात उचलायचा. आत काम करणारा मिस्त्री याच्या उलट बाजूचा वाटतो. त्याचे म्हणणे असे, की हाफ क्लचने प्लेट जळते, म्हणून क्लच एकतर पूर्ण दाबा, नाहीतर पूर्ण सोडा. एकाला वेग हवा आहे, दुसऱ्याला गाडी टिकवायची आहे. तरीही दोघे एकाच निष्कर्षावर येतात: क्लच घसरू द्यायचा नाही. मला हा निष्कर्षच चुकीचा वाटतो. उभ्या गाडीला उत्तम सुरुवात द्यायची तर क्लच मोजून घसरवावाच लागतो.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू, कारण तो पोकळ नाही. फिरत्या फ्लायव्हीलमध्ये ऊर्जा साठलेली असते. फेरे जितके जास्त, तितका साठा जास्त, आणि क्लच एकदम सोडला की त्यातला बराच झटक्यात चाकांकडे जातो. रेस कमी ठेवली तर इंजिन गुदमरते. टर्बो गाडीत तर खालच्या फेऱ्यांवर दमच नसतो. शिवाय परदेशातले व्यावसायिक ड्रॅग (सरळ शर्यतीचे) चालक उंच फेऱ्यांवरून गाडी सोडताना दिसतात. यातले प्रत्येक विधान खरे आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र खरा नाही.

कारण रस्त्याला ढकलण्याचे काम अखेर टायरच करतो, आणि त्याला पकडीची मर्यादा आहे. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या मोटारी पुढच्या चाकांवर चालतात. समजा गाडीचे ६० टक्के वजन पुढच्या चाकांवर आहे आणि कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक ०.९ आहे. गाडी पुढे झेपावली की वजन मागे सरकते, म्हणजे जी चाके ओढतात तीच हलकी होतात. हे धरून गणित केले, तर गुरुत्वत्वरणाच्या साधारण ०.४५ पटीपेक्षा जास्त त्वरण अशा गाडीला मिळूच शकत नाही, मग बॉनेटखाली काहीही असो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तेच वजन ओढणाऱ्या चाकांवर येते. म्हणून तिची मर्यादा वर असते, आणि तिच्या चालकाची नक्कल पुढच्या चाकांच्या गाडीत चालत नाही.

आता साध्या पेट्रोल हॅचबॅकचा पहिला गिअर पाहा. ११० न्यूटन-मीटर टॉर्क गिअरबॉक्समधून वाढून चाकांपाशी पोचतो, तेव्हा तो जवळपास या मर्यादेला टेकलेलाच असतो. वरून फ्लायव्हीलचा साठा एका झटक्यात आला की चाक जागेवर फिरते. जागेवर फिरणाऱ्या टायरची पकड रस्ता धरून चालणाऱ्या टायरपेक्षा कमी असते. गुणांक ०.९ वरून ०.७ वर आला असे धरले, तर पहिले ६० फूट, म्हणजे १८.२९ मीटर, कापायला सुमारे २.९ सेकंदांऐवजी ३.२ सेकंद लागतात. टायरचा आवाज आणि धूर मोठा असतो, पण ०.३ सेकंद गेलेले असतात. ते पुढे भरून निघत नाहीत, उलट वाढतात, कारण सुरुवातीला न मिळालेला वेग पुढच्या सगळ्या अंतरात कमीच राहतो.

वाशीमच्या शेतकऱ्याला हे नव्याने सांगायला नको. पावसानंतर काळ्या मातीत ट्रॅक्टर अडकला की नवखा माणूस रेस वाढवतो आणि चाक आणखी खाली जाते. जाणता माणूस रेस बेताची ठेवतो, क्लच हळू सोडतो, माती चाकाला धरते की नाही याचा अंदाज घेतो आणि मग जोर लावतो. डांबरावर पकड जास्त आहे एवढाच फरक. नियम तोच आहे.

आता व्यावसायिकांचा दाखला. त्यांच्या गाडीचे टायर मऊ रबराचे असतात, पट्टीवर चिकट द्रव्य मारलेले असते आणि ताकद बहुधा मागच्या चाकांवर असते. तिथे पकड इतकी असते की फ्लायव्हीलचा साठा कामी येतो. आपल्याकडे मात्र लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीतली ‘व्हॅली रन’ ही शर्यत विमानांच्या धावपट्टीवर होते, आणि गाड्या बहुतेक रोजच्या वापरातल्या टायरवर धावतात. जागा आणि टायर बदलले की तंत्रही बदलायला हवे. याहून मोठी गोष्ट अशी, की अमेरिकेतल्या टॉप फ्युएल या सर्वांत वेगवान ड्रॅग गाड्यांतही क्लच एकदम धरत नाही. त्यातल्या अनेक प्लेटा ठरलेल्या वेळेनुसार टप्प्याटप्प्याने आवळल्या जातात आणि शर्यतीचा बराच भाग क्लच मुद्दाम घसरता ठेवलेला असतो. म्हणजे ज्यांच्या नावाने ‘क्लच फेका’ म्हटले जाते, त्यांच्यातले सर्वांत वेगवान लोक क्लच घसरवण्यावरच सर्वांत जास्त मेहनत घेतात.

आता मिस्त्रीचा आक्षेप. घसरण म्हणजे उष्णता, आणि उष्णतेने प्लेट जाते, हे खरे. पण उष्णता किती होते ते पाहू. इंजिनाचे फेरे स्थिर ठेवून क्लच घसरवत सोडला, तर इंजिनाने दिलेल्या ऊर्जेतली अर्धी गाडीच्या गतीत जाते आणि अर्धी क्लचमध्ये उष्णता होते. हवेचा आणि रस्त्याचा किरकोळ विरोध सोडला, तर ही घसरण एक सेकंद चालली की दोन, याने त्या उष्णतेत फरक पडत नाही. फरक पडतो तो फेऱ्यांनी. चालकासह १,२०० किलोची गाडी घ्या. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाच्या मिनिटाला १,००० फेऱ्यांना ताशी ८ किलोमीटर असा हिशेब धरा. ३,००० फेऱ्यांवरून सोडली तर क्लचमध्ये सुमारे २७ किलोजूल उष्णता होते. ६,००० वर धरून सोडली तर सुमारे १०७. फेरे दुप्पट, उष्णता चौपट. प्लेट वाचवायची असेल तर घसरणीचा काळ कापण्यापेक्षा फेरे कमी ठेवणे महत्त्वाचे.

क्लच एकदम फेकला तर प्लेटमधली घसरण लवकर संपते, हे मान्य. पण मग घसरणीचे काम टायरकडे जाते आणि झटका ड्राइव्ह शाफ्ट, त्याचे सांधे आणि इंजिनाचे माउंटिंग यांना बसतो. प्लेट वाचवायला शाफ्ट मोडणे हा फायद्याचा सौदा नव्हे.

मिस्त्रीचे म्हणणे एका जागी पूर्ण बरोबर आहे. पातूरच्या घाटात रांग लागली असताना ब्रेकऐवजी हाफ क्लचवर गाडी तोलून धरणे, किंवा चालू गाडीत पाय पेडलवर टेकवून ठेवणे, हा प्लेटचा निव्वळ नाश आहे. तिथे उष्णता होत राहते आणि त्या बदल्यात वेग काहीच मिळत नाही. तो नियम घाटासाठी आहे. त्याला सुरुवातीच्या दोन सेकंदांवर लादले की तो चुकतो.

मग करायचे काय? साध्या पेट्रोल हॅचबॅकला ३,००० फेऱ्यांच्या आसपास सुरुवात करावी. टर्बो गाडीला, टर्बो जागा होतो त्याच्या किंचित वर. पाय वेगाने उचलावा, पण प्लेट धरू लागते त्या जागेपर्यंतच. तिथे तो क्षणभर रोखावा, गाडी निघाली की उरलेला क्लच सलग सोडावा आणि त्याच प्रमाणात रेस वाढवावी. फुल रेस क्लच पूर्ण धरल्यावर. टायर किंचित घसरला तर बिघडत नाही. त्याची सर्वोत्तम पकड साधारण १० ते १५ टक्के घसरणीलाच असते. चाक सुटले तर फेरे थोडे उतरवावेत, इंजिन गुदमरले तर थोडे चढवावेत. दोन धावांच्या मध्ये प्लेट थंड होऊ द्यावी, आणि जळका वास आला की त्या दिवसापुरते थांबावे.

शर्यत सुरू करणारा दिवा लागताच निघण्याची घाईही याच गैरसमजातली आहे. धावेचे घड्याळ पुढचे चाक सुरुवातीची किरणरेषा सोडते तेव्हा सुरू होते. दिव्यानंतर घेतलेला वेळ वेगळा नोंदला जातो. समोरासमोरच्या लढतीत तो मोलाचा असतो, पण वेळेवर निकाल असलेल्या धावेत त्याच्यासाठी पाय गडबडू देण्यात काही अर्थ नाही.

हे शिकण्याची जागा कोणती, हे स्पष्ट सांगायला हवे. समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून जातो. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, तेव्हापासून त्याच्या सरळपणाचा मोह अनेकांना पडतो. तो रस्ता शर्यतीचा नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम १८९ सार्वजनिक रस्त्यावर विनापरवाना शर्यतीला मनाई करते, आणि त्या रस्त्यावर दुसऱ्यांची कुटुंबे प्रवास करत असतात. सरळ धाव आणि घड्याळावरचा निकाल विदर्भाला शंकरपटामुळे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीमुळे, परिचित आहे. शंकरपटालाही बंदीतून बाहेर यायला कायदा, नियम आणि १८ मे २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. मोटारींच्या शर्यतीलाही बंद जागा, परवानगी आणि रुग्णवाहिका हवीच.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी अशा जागी एकच गाडी, एकाच दिवशी, त्याच टायरवर दोन्ही पद्धतींनी सोडावी आणि पहिल्या ६० फुटांचा आकडा पाहावा. ताकद इंजिन देते, पण ती किती वापरता येईल हे टायर ठरवतो. या दोघांचा मेळ घालायला चालकाच्या हाती पहिल्या दोन सेकंदांत क्लचपेक्षा चांगले साधन नाही. त्याला घाबरणे आणि त्याला फेकणे, दोन्ही म्हणजे ते साधन न वापरणेच.