पुरावा कोणी कोणाला द्यायचा?

९ ऑगस्ट जवळ आला की सगळ्यांना आदिवासी आठवतात. चौकाचौकांत फलक लागतात, पुढारी डोक्याला मोरपीस खोचून तारप्यावर चार पावले नाचतात, भाषणात बिरसा मुंडांचे नाव येते. १० ऑगस्टला तोच आदिवासी माणूस प्लास्टिकच्या पिशवीत कागद घालून सरकारी कचेरीच्या व्हरांड्यात बसलेला असतो. आत गेल्यावर त्याला दोनच प्रश्न विचारले जातात. ही जमीन तुझी कशावरून? आणि तू आदिवासी कशावरून?

वनहक्काच्या दाव्यांचे काम करताना आम्ही हे दोन प्रश्न इतक्या वेळा ऐकले आहेत, की या प्रश्नांचाच इतिहास तपासावा असे आम्हाला वाटू लागले. ज्यांना या देशाचे मूळ रहिवासी म्हटले जाते, त्यांच्याकडेच राहण्याचा पुरावा मागण्याची पद्धत आली कोठून? आमचे म्हणणे असे की आदिवासींवरचा अन्याय केवळ बंदुकीने झालेला नाही. तो कागदाने झाला आहे. म्हणून हक्कांची आजची लढाई मुळात एकाच मुद्द्यावर उभी आहे : पुरावा देण्याचे ओझे कोणाच्या डोक्यावर?

जंगल सरकारी कसे झाले?

इंग्रजांनी १८६४ साली जंगल खाते सुरू केले. रेल्वेच्या स्लीपरांना आणि जहाजांना लाकूड हवे होते. १८६५ चा पहिला कायदा अपुरा वाटला म्हणून १८७८ साली दुसरा आणला. या कायद्याची रीत नीट समजून घ्यावी. सरकार एखादे जंगल 'राखीव' करण्याचा इरादा जाहीर करी. मग एक अधिकारी नेमला जाई. तो गावोगाव जाहीरनामा लावी आणि ज्यांचा काही हक्क असेल त्यांनी ठरलेल्या मुदतीत येऊन सांगावे, असे फर्मान काढी. मुदत किमान ३ महिन्यांची. त्या मुदतीत जो आला नाही, त्याचा हक्क संपला.

कागदावर हे न्यायाचे दिसते. पण ज्या पाड्यावर एकालाही वाचता येत नव्हते, तेथे जाहीरनामा वाचणार कोण? आणि ज्या समाजात जमीन, चराई, मोह, मासे हे सगळे गावाचे मानले जात होते, तेथे 'माझा हक्क' म्हणून कचेरीत जाणार कोण? पिढ्यान्‌पिढ्यांचे राहणे ३ महिन्यांच्या मुदतीत कायद्याच्या नजरेतून पुसले गेले. काल जो जंगलाचा माणूस होता, तो आज तेथे चोर ठरला.

हे त्या काळी कोणाच्या ध्यानात आले नव्हते असे नाही. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात जंगल खात्यावर कोरडे ओढले आहेत. डोंगर, दऱ्या, गायराने खात्याच्या कुंपणात गेली आणि गरिबाच्या शेळीलाही चरायला जागा उरली नाही, हे त्यांनी कायदा येऊन पाचच वर्षे झाली असताना सांगितले. आपल्या चळवळीला जंगलाचा प्रश्न नवा नाही. तो आपल्या पहिल्या गुरूच्या लेखणीत आहे.

पुढे १९२७ चा भारतीय वन कायदा आला. त्यातही हक्क सांगण्याची मुदत, आणि न सांगितल्यास हक्क संपण्याची तरतूद तशीच राहिली. इंग्रज गेले. तो कायदा आजही लागू आहे.

मे १९४५ : दोन सभा

बाबासाहेबांनी आदिवासींसाठी काय केले, हा प्रश्न आपल्याला नेहमी टाकला जातो. त्याला भावनेने नको, इतिहासाने उत्तर दिले पाहिजे.

१९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासी जमातींच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली. डॉ. आंबेडकर तिचे सदस्य होते, ठक्कर बापाही होते. १९३० च्या अहवालात या समितीने 'मागासवर्ग' या ढोबळ शब्दाची फोड करून अस्पृश्य वर्ग, आदिवासी व डोंगरी जमाती आणि इतर मागासवर्ग असे तीन भाग सुचवले. प्रत्येकाचे दुखणे वेगळे आहे, म्हणून उपायही वेगळा हवा, ही दृष्टी त्यामागे होती.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ६ मे १९४५ रोजी मुंबईत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या अधिवेशनात बाबासाहेबांनी जातीय प्रश्नाच्या तोडग्यावर भाषण केले. आदिवासी जमातींमध्ये राजकीय समज अजून पुरती आलेली नाही, असे मत त्यांनी त्यात मांडले. आणि त्याच मे महिन्यात, मुंबईपासून फार दूर नव्हे, झरी गावी हजारो वारली जमले होते. वेठ करणार नाही, लग्नाच्या कर्जापायी नवराबायकोने सावकाराच्या घरी 'लग्नगडी' म्हणून राबायचे नाही, असे त्यांनी ठरवले. गोदावरी व शामराव परुळेकर त्यांच्यासोबत होते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात वारली शहीद झाले, तरी लढा थांबला नाही.

हे आम्ही बाबासाहेबांना कमी लेखण्यासाठी लिहीत नाही. विभूतिपूजेला त्यांचाच सर्वांत मोठा विरोध होता. महत्त्वाचे हे की चारच वर्षांनी त्यांच्या अध्यक्षतेखालच्या मसुदा समितीने जी घटना दिली, तिने राजकीय समजेची परीक्षा कोणाचीच घेतली नाही. डहाणूच्या वारल्याला आणि मलबार हिलच्या शेठला एकच मत, एकच मोल.

नावाचा वाद

संविधान सभेत छोटा नागपूरचे जयपाल सिंह मुंडा आदिवासींचा आवाज होते. आम्हाला 'आदिवासी' म्हणा, हा त्यांचा आग्रह होता. बाबासाहेबांनी डिसेंबर १९४८ मध्ये त्याला उत्तर दिले : 'आदिवासी' हा 'अस्पृश्य' यासारखाच सर्वसाधारण शब्द आहे, त्याला कायद्यात निश्चित अर्थ नाही. 'अनुसूचित जमाती' म्हटले की यादी करावी लागते, आणि यादी असली की कोण आत, कोण बाहेर हा वाद न्यायालयात सुटतो.

दोघांचेही बरोबर होते, असे आज मागे वळून पाहताना दिसते. यादीमुळे राखीव जागा मिळाल्या, शिष्यवृत्ती मिळाली, ॲट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण मिळाले. पण 'आदिवासी' या शब्दात जो दावा आहे, की आम्ही येथे आधीपासून आहोत, तो यादीत येत नाही. हा दावा सत्तेला आजही नको आहे. १३ सप्टेंबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने आदिवासी जनसमूहांच्या हक्कांचा जाहीरनामा १४४ विरुद्ध ४ मतांनी मंजूर केला. भारताने बाजूने मत दिले, आणि सोबत भूमिका घेतली की स्वातंत्र्यानंतरचे सगळेच भारतीय मूळनिवासी आहेत. सगळेच मूळनिवासी म्हटले की कोणालाच वेगळा हक्क द्यावा लागत नाही! 'वनवासी' या शब्दाचे राजकारणही हेच आहे. वनात राहतो तो वनवासी. वनातून हाकलला की तो कोणीच नाही.

पाचव्या अनुसूचीबद्दलही हाच प्रामाणिकपणा हवा. ती बाबासाहेबांनी एकट्याने लिहिली, हे सांगणे बरोबर नाही. तिच्यामागे ठक्कर उपसमितीचे काम होते. सप्टेंबर १९४९ मध्ये बाबासाहेबांनी सभेत मांडलेल्या मसुद्यात जमाती सल्लागार परिषदेचे अधिकार आधीपेक्षा सौम्य झाले होते आणि जयपाल सिंह त्यावर नाराज होते. तरीही अनुसूचित क्षेत्रात आदिवासींची जमीन हस्तांतरित होऊ न देण्याचा आणि एखादा कायदा तेथे बदलून लागू करण्याचा अधिकार तिने राज्यपालांना दिला. महाराष्ट्रात १३ जिल्ह्यांमध्ये असे क्षेत्र आहे. २०२० साली राज्यपालांनी याच अधिकारात जिल्हा समितीने फेटाळलेल्या वनहक्क दाव्यांवर विभागीय समितीकडे अपिलाची सोय केली. अधिकार आहे. तो वापरायला भाग पाडणारी चळवळ लागते.

दाखला नाही म्हणून

पुराव्याचे ओझे किती क्रूर असते, हे नगर जिल्ह्यातल्या एका प्रकरणात दिसले. १९९४ साली एका भिल्ल तरुणीला मारहाण करून तिची विवस्त्र धिंड काढण्यात आली. सत्र न्यायालयाने आरोपींना ॲट्रॉसिटी कायद्याखालीही दोषी ठरवले. उच्च न्यायालयाने त्या कायद्याखालची शिक्षा रद्द केली. कारण काय? जातीचा दाखला सादर झाला नव्हता आणि तपास ठरलेल्या दर्जाच्या अधिकाऱ्याने केला नव्हता.

जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्या कलमांखालची शिक्षा कायम केली आणि ॲट्रॉसिटीतून झालेली सुटका निव्वळ तांत्रिक कारणावर झाली म्हणून नापसंती दाखवली. पण त्या सुटकेविरुद्ध राज्य सरकारने अपीलच केले नव्हते. याच निकालपत्रात न्यायालयाने आदिवासी हेच या भूमीचे आद्य रहिवासी असावेत असे लिहिले आणि एकलव्याच्या अंगठ्याचा उल्लेख करून द्रोणाचार्याचे वागणे लज्जास्पद ठरवले. निकालपत्रात आद्य रहिवासी, आणि खटल्यात मात्र दाखल्याविना कोणीच नाही. एवढे मोठे अंतर आहे.

म्हाताऱ्याचा शब्द

मे २००२ मध्ये केंद्रीय वन मंत्रालयाने सप्टेंबरअखेर जंगलातील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश काढला. झोपड्या पडल्या, पिके उद्ध्वस्त झाली. देशभर संघटना उभ्या राहिल्या आणि त्या रेट्यातून डिसेंबर २००६ मध्ये संसदेने वनहक्क कायदा मंजूर केला. आदिवासींवर 'ऐतिहासिक अन्याय' झाला, हे शब्द या कायद्याच्या प्रास्ताविकेत आहेत. राज्यसंस्थेने स्वतःच्या कायद्यात स्वतःचा अपराध लिहून ठेवण्याचे असे प्रसंग थोडे.

या कायद्याने पुराव्याची व्याख्या बदलली. किमान दोन पुरावे हवेत, पण ते कसले? गावातल्या वडीलधाऱ्याचा लेखी घेतलेला जबाब चालतो. शेताचा बांध, विहीर, घराचे जोते, दफनभूमी, देवाची जागा चालते. एकाच प्रकारच्या कागदासाठी अडवता येत नाही. दावा आधी ग्रामसभेपुढे येतो. शिवाय वनगुन्ह्याच्या दंडाची जुनी पावतीही कामी येते. तलाठ्याच्या १-ई नोंदवहीत 'अतिक्रमणदार' म्हणून लागलेले नावही कामी येते. ज्या कागदाने बापाला गुन्हेगार केले, तोच कागद मुलाचा ताबा सिद्ध करतो.

गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना वन खात्याच्याच हातात होता. एप्रिल २०११ मध्ये परवान्याचे पुस्तक ग्रामसभेकडे आले. हक्कपत्र मिळूनही दोन वर्षे झगडावे लागले, हे विसरू नये.

उलट दिशेचे उदाहरण १३ फेब्रुवारी २०१९ चे. काही वन्यजीव संस्थांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ज्यांचे दावे फेटाळले गेले त्यांना जंगलातून काढण्याचा आदेश दिला. दहा लाखांहून अधिक दावेदारांवर ही कुऱ्हाड होती. देशभर संताप उसळला. २८ फेब्रुवारीला आदेशाला स्थगिती मिळाली आणि दावे कोणत्या पद्धतीने फेटाळले ते सांगा, असे न्यायालयाने राज्यांना फर्मावले. पहिल्यांदाच प्रश्न उलटा फिरला. पुरावा सरकारने द्यायचा होता.

हा आपला प्रश्न का?

काही तरुण आम्हाला विचारतात, आपले प्रश्न काय कमी आहेत, की आदिवासींचे घ्यायचे? त्यांना आम्ही दादासाहेब गायकवाडांचे नाव सांगतो. १९५९ आणि १९६४-६५ चे भूमिहीनांचे सत्याग्रह आठवा. लाखो माणसे तुरुंगात गेली, ती पडीक जमिनी भूमिहीनांना द्या म्हणून. आज गायरान कसणारे आपले बांधव त्याच 'अतिक्रमणदार' रकान्यात आहेत, ज्यात भिल्ल आणि कातकरी आहेत.

आणखी एक गोष्ट. जंगलाच्या काठावर राहणारी बौद्ध कुटुंबे वनहक्क कायद्यात 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून मोडतात. त्यांना तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. तीच जमीन ७५ वर्षे कसली पाहिजे, असा अर्थ अनेक ठिकाणी काढून दावे फेटाळले जातात. तो चुकीचा आहे. ७५ वर्षे वास्तव्याची आहेत. जमिनीचा ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा असला की पुरे. हे गावागावांत जाऊन सांगायला कोण जाणार?

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. जयंतीच्या वर्गणीतून एक कपाट आणि एक झेरॉक्स मशीन घ्या. आपल्या तालुक्यात किती दावे फेटाळले गेले, याची यादी माहिती अधिकारात मागवा. फेटाळल्याचे कारण लेखी दिले का, ते पाहा. अपिलाची मुदत ६० दिवसांची असते, ती चुकू देऊ नका. गावातल्या वृद्ध माणसांचे जबाब आत्ताच लिहून घ्या. कारण ते गेले की ७५ वर्षांचा पुरावा त्यांच्यासोबत जाईल, आणि सरकारला हवे आहे ते आपोआप होईल.

१८७८ मध्ये जाहीरनामा वाचायला पाड्यावर कोणी नव्हते. आज आपण शिकलो आहोत. बाबासाहेबांनी शिका म्हटले ते फक्त स्वतःच्या नोकरीसाठी नव्हे.

जय भीम! जय जोहार!