जावरची खाण आणि ‘जस्त’ हा शब्द

उदयपूरच्या दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटरवर, अरवलीच्या डोंगरांत टीडी नदीकाठी जावर हे गाव आहे. भोवती भिल्ल व मीणा यांच्या विरळ वस्त्या आहेत. टॉडने आपल्या राजस्थानच्या इतिहासात (१८२९-३२) राणा लाखाच्या काळी येथील कथील व चांदीच्या खाणींचा ‘शोध’ लागल्याची हकीकत दिली आहे. तीतील दोन्ही शब्द सदोष आहेत. येथील धातू कथील नव्हे, जस्त होय. शिवाय खाणींतील जुनी लाकडे कार्बनमापनाने ख्रिस्तपूर्व काळातील ठरल्यामुळे, ‘शोध’ याचा अर्थ राजसत्तेला खाणीचे उत्पन्न मिळू लागले, एवढाच घ्यावा लागतो.

जस्त ९०७ अंशांवर उकळते आणि त्याच्या वाफेस हवा लागताच भस्म होते. म्हणून वाफ बंद नळीतून खाली उतरवून थंड करावी लागे. ‘रसरत्नसमुच्चया’त यासाठी वांग्याच्या आकाराची ‘वृंताकमूषा’ सांगितली असून तिला बारा अंगुळे लांबीची, धोत्र्याच्या फुलासारखी नळी जोडावयाची असते. १९८३ च्या उत्खननात जावरला ज्या भट्ट्या उघड झाल्या, त्यांत अशाच मातीच्या ३६ मूषा एकेका भट्टीत रचलेल्या होत्या. पंडिताने वर्णन केले. मूषा घडविणारे व लाकूड तोडणारे हात मात्र ग्रंथाबाहेरच राहिले.

या हातांचा माग शब्दात लागतो. जुन्या रसग्रंथांत खनिजास ‘रसक’, ‘खर्पर’ म्हटले आहे. ‘जसद’, ‘यशद’ ही नावे मागाहूनची. ‘यात्रा’चे ‘जत्रा’, ‘यव’चे ‘जव’ होते, हे जाणणाऱ्या पंडितांनी लोकांच्या ‘जसद’चे उलट दिशेने ‘यशद’ केले असावे, असे मानणे सयुक्तिक वाटते. मराठी ‘जस्त’, गुजराती ‘जसत’ व हिंदी ‘जस्ता’ ही रूपे मग संस्कृताची अपभ्रष्टे न ठरता त्या मूळ बोलीशब्दाची भावंडे ठरतात.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात शिंदे-होळकरांच्या स्वाऱ्यांनी व खंडणीने मेवाड खचले. मराठी इतिहासलेखनात या बाजूची नोंद क्वचितच आढळते. १८१२-१३ च्या दुष्काळानंतर भट्ट्या थंडावल्या. कुंभाची कन्या रमाबाई हिने बांधलेल्या मंदिरावर १४९७ चा शिलालेख आहे. खाणकऱ्यांचा एकही नाही. जुन्या जावरमधील पडक्या घरांच्या भिंती मात्र वापरून झालेल्या मूषांनीच रचलेल्या आहेत.