दत्तक भोपळा

वडोदऱ्याच्या खंडेराव मार्केटच्या भाजीबाजारात गोव्याहून नुकत्याच आलेल्या एखाद्या सारस्वत गृहिणीने ‘दुदी’ मागितली, तर भाजीवाला तिच्या पिशवीत लांबट हिरवा दुध्या टाकील. तिला हवा असतो तांबडा भोपळा. गुजरातीत दूधी म्हणजे दुध्या; तांबड्याला म्हणावयाचे कोळुं. हा शब्द कानी पडताच मराठी माणसास कोहळा आठवतो, आणि शब्द मुळात आहेही कोहळ्याचाच. तीन भाषा बोलणाऱ्या ह्या शहरात एका फळाच्या नावावरून रोज होणारा हा घोटाळा मला फार दिवस केवळ गमतीचा वाटत असे. परंतु त्याच्या मुळाशी एक इतिहास आहे.

कोहळा, म्हणजे संस्कृतातील कूष्मांड, आणि दुध्या हे दोघे आपल्या देशात फार पुरातन काळापासून नांदत आहेत. तंबोऱ्याचा भोपळा आहे तो दुध्याच्याच जातीचा. तांबडा भोपळा मात्र अमेरिका खंडातला. मेक्सिकोतील ओआहाका प्रांताच्या एका गुहेत त्याच्या कुळातील लागवडीच्या बिया सापडल्या, त्या सुमारे 10,000 वर्षांपूर्वीच्या ठरल्या आहेत. आपल्याकडे तो सोळाव्या शतकापासून पुढे, पोर्तुगीज व्यापाराच्या वाटेने आला असे सामान्यतः मानले जाते. आल्यावर त्याने काय करावे? मराठीत त्याने ‘भोपळा’ हे नाव घेतले आणि मूळच्या भोपळ्यास ‘दुध्या’ हे विशेषण लावून घ्यावे लागले. गुजरातीत तो कोळुं झाला. खरा कोहळा ‘भूरुं कोळुं’ म्हणून मागे सरला. कोंकणीत त्याने दुदी हे नाव बळकावले आणि जुन्या दुदीला ‘कोंकणदुदी’ म्हणवून घेण्याची पाळी आली! तिन्ही घरांत एकच प्रकार घडला. घराण्याचे नाव आले पाहुण्याकडे.

वकिली पेशाच्या माणसाला ह्या प्रकारात ओळखीचे काही दिसले तर नवल नाही. ह्याला आम्ही दत्तक म्हणतो. आणि दत्तकाची गोष्ट वडोदऱ्यास सांगावी लागत नाही. 1875 साली मल्हारराव पदच्युत झाल्यावर खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाई ह्यांनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा बारा वर्षांचा गोपाळराव दत्तक घेतला. तेच सयाजीराव महाराज. ज्या मार्केटात हे कोळुं विकले जाते ते त्यांनीच बांधविलेले आणि दत्तक पित्याच्या नावे ठेवलेले. आपल्या राज्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करणाऱ्या ह्या राजाने ग्रंथालयांची व्यवस्था लावण्यासाठी 1910 साली बॉर्डन नावाचा तज्ज्ञ अमेरिकेहून आणविला. परक्याचे चांगले ते घरात घेताना त्यांना संकोच वाटला नाही.

माझ्या नऊ वर्षांच्या पुतणीलाही तो वाटत नाही. न्यू जर्सीतील तिच्या मावशीने तिकडच्या भोपळ्याच्या ‘पाय’ची कृती कळविली आणि पोरीने मला वेठीस धरले. अर्धा भोपळा आणायचा तर तिला आख्खाच हवा. तो विळीवर घेऊन ती बसणार, तोच आई म्हणाली, “थांब, पहिला घाव काकाला घालू दे. बायकांनी आख्खा भोपळा फोडू नये.” “का गं आजी?” ह्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही; पण ते देण्याजोगे आहे. कोहळा हा देवीपुढे पशूच्या जागी बळी म्हणून दिला जातो. म्हणून त्याच्यावरचा पहिला घाव पुरुषाचा, अशी समजूत. तांबड्या भोपळ्यास हा अधिकार कोणत्याही प्राचीन ग्रंथाने देणे शक्य नाही. तरी पुष्कळ घरांत कोहळ्याचा नियम त्यालाही लागला. नावाबरोबर कुळाचारही आला! दत्तकविधान पुरे झाले ह्याचा याहून बळकट पुरावा मी कोर्टात क्वचितच पाहिला असेल.

भोपळा वाफवून, पुरणयंत्रातून काढून, फडक्यात टांगून त्याचे पाणी निथळविले. साखरेऐवजी गूळ, अंड्याऐवजी आटविलेले दूध आणि मक्याचे पीठ; वर सुंठ, दालचिनी, जायफळ. खालची पारी तूप चोळलेल्या कणकेची. पोरीने कडेला मुरड घातली ती थेट करंजीची. भट्टीत पाऊण तास लागला, आणि तेवढ्यात तिने काचेतून तो निदान वीसदा पाहिला.

ह्या पायचा जन्मही तिकडचा म्हणावा तितका निव्वळ नाही. भोपळ्याची कणकेच्या पारीतली गोड कृती 1651 साली फ्रान्सच्या ला व्हारेनच्या पाकग्रंथात आढळते. अमेरिकेत अमेलिया सिमन्स ह्या बाईने 1796 साली छापलेल्या पुस्तकात तिची कृती आहे, आणि तीत सुंठ, जायफळ, जायपत्री घालावयास सांगितले आहे. हे मसाले आपल्या आशियातले. त्यांच्याच शोधात पोर्तुगीज इकडे आले होते. फळ इकडे आले, मसाला तिकडे गेला, आणि दोघांची गाठ परक्या घरात पडली.

परंतु येथे आम्हा सारस्वतांनी थोडे थांबावयास हवे. ती जहाजे केवळ बियाणे घेऊन आली नव्हती. त्याच सोळाव्या शतकात तिसवाडी, साष्टी, बारदेशातील देवळे पाडली गेली. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्यास न्यावी लागली. आज गोव्यातील सारस्वतांच्या सणासुदीच्या पानात जे खतखते वाढले जाते त्यातील दुदी, कणगी, मका आणि मिरची ही चारही मंडळी पलीकडच्या खंडातली आहेत. ज्यांनी देव हलविले त्यांच्याच व्यापाराच्या वाटेने आलेले हे जिन्नस देवाच्या पुढ्यात बसले. दत्तकाचा जुना कायदा ह्या बाबतीत सावध आहे. दत्तक पुत्राचा जन्मकुळाशी असलेला संबंध तुटतो. मात्र त्या कुळात विवाह त्याला निषिद्धच राहतो. 1956 च्या कायद्यानेही ते कलम ठेवले आहे. जन्म पुसला जात नाही, तो केवळ मागे राहतो.

भट्टीतून पाय निघाल्यावर त्याचा नैवेद्य दाखवायचा, हा पुतणीचा आग्रह. मी वकिली चालविली: फळ तेच, गूळ तोच, तूप घरचे, अंडे नाही. आईने सगळे ऐकून घेतले. “फळाचे विधान झाले असेल रे. ह्या पदार्थाचा दत्तहोम कुठे झालाय अजून?” म्हणाली, आणि उरलेल्या भोपळ्याचे घारगे तळायला घेतले. देवापुढे त्या दिवशी घारगे गेले. पायचा पहिला तुकडा तिनेच मागून घेतला, आणि दुसराही.