चाकाचा दात



चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूमचे नाव आपल्या कानांवर असेलच. पडेगावच्या मुलाने तेथे जायचे म्हटले की घरात पहिली शंका निघते, याचे इंग्रजी कच्चे, याला यंत्र कसे समजणार? ज्या जर्मनांचे नाव त्या संस्थेला आहे, त्यांच्या कारागिरांनी शब्द कोठून आणले ते पाहा.

जर्मन भाषेत दात म्हणजे 'त्सान' आणि चाक म्हणजे 'राड'. गिअरला ते सरळ 'त्सानराड' म्हणतात. दात्याचा वरचा भाग 'कोप्फ', म्हणजे डोके. बुडाचा भाग 'फूस', म्हणजे पाऊल. वर्म गिअरमधील मळसूत्र म्हणजे 'श्नेके', गोगलगाय! दोन दात्यांमधील मोकळीक म्हणजे 'श्पील', खेळ. सुताराच्या डव्हटेल सांध्यात इंग्रजाला पारव्याची शेपटी दिसली, जर्मनाला भिंगरीची. एका चाकाचे दाते दुसऱ्यात गुंततात त्याला 'आइनग्रिफ' म्हणतात, आणि हाच शब्द जर्मन डॉक्टर शस्त्रक्रियेलाही वापरतात. लाकडी दात्यांच्या जुन्या चक्कीतले चाक 'काम्मराड'. 'काम्म' म्हणजे कंगवा.

गंमत अशी की 'त्सान', मराठी 'दात' आणि फारसी 'दंदान' ही एकाच कुळातील भावंडे आहेत. 'काम्म'चे नाते संस्कृत 'जम्भ' या दाताच्याच शब्दाशी आहे. घरात उर्दू बोलणारा मुलगा 'दंदाना' म्हणतो, शेजारचा 'दाता' म्हणतो. दोघेही जर्मन मिस्त्रीइतकेच बरोबर आहेत.

सन 1906 मध्ये डाइनहार्ट व श्लोमान यांनी यंत्रभागांचा सहा भाषांतील सचित्र कोश काढला. वस्तूचे चित्र आणि शेजारी सहा नावे, अशी त्याची मांडणी होती.

शब्द घडविण्याचे असेच मोठे काम आपल्याच शहरात झाले, हे किती जणांस ठाऊक आहे? मौलवी अब्दुल हक यांच्यामुळे अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे कार्यालय 1938 पर्यंत औरंगाबादेत होते. पारिभाषिक शब्द कसे बनवावेत यावरचा वहीदुद्दीन सलीम यांचा 'वज़-ए-इस्तिलाहात' हा ग्रंथ अंजुमनने 1921 साली प्रसिद्ध केला. पुढे दिल्लीला गेल्यावर अंजुमनने मौलवी ज़फ़रुर्रहमान यांचा कारागिरांच्या शब्दांचा कोश अनेक खंडांत छापला. त्यात शब्द धंद्यांप्रमाणे लावलेले आहेत. माझ्या मते विद्वानांनी बसून घडविलेल्या शब्दांपेक्षा हेच काम अधिक मोलाचे, कारण हे शब्द कारागिरांच्या तोंडी आधीपासूनच होते.