ऑक्सफर्ड विद्यापीठ रग्बी क्लब
इंग्लंडमधील एक जुनी विद्यापीठीय क्रीडासंस्था. स्थापना १८६९. केंब्रिज विद्यापीठाविरुद्धचा पहिला सामना फेब्रुवारी १८७२ मध्ये ऑक्सफर्ड येथे झाला व तो ऑक्सफर्डने जिंकला. तेव्हा प्रत्येक संघात वीस खेळाडू असत. १८७५ मध्ये ही संख्या पंधरा झाली. आरंभीच्या रग्बीत घोळक्याने रेटारेटी करून चेंडू पुढे नेण्यावर भर असे. १८८० नंतर कर्णधार हॅरी व्हॅसल याच्या संघाने चेंडू हातोहात देत धावण्याचे तंत्र विकसित केले व खेळास गती आणली.

या वार्षिक सामन्यात खेळणाऱ्यास ‘ब्लू’ हा बहुमान मिळतो. संघाचा गणवेश गडद निळा असतो. १९०९ च्या सामन्यात रॉनल्ड पोल्टन याने पाच वेळा चेंडू प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे टेकविला (ट्राय). पुढे इंग्लंडचा कर्णधार झालेला हा खेळाडू १९१५ मध्ये बेल्जियममधील रणांगणावर मारला गेला. क्लबचा दुसरा नामवंत खेळाडू अलेक्झांडर ओबोलेन्स्की याने १९३६ मध्ये इंग्लंडतर्फे न्यूझीलंडविरुद्ध दोन ट्राय केले. १९४० मध्ये लढाऊ विमानाच्या सरावात तो मरण पावला.

महिलांचे सामने १९८८ पासून होऊ लागले. १९९५ मध्ये रग्बी व्यावसायिक झाल्यावर विद्यापीठीय सामन्याचे महत्त्व ओसरले. १९२१ पासून बहुतेक वर्षी ट्विकनम येथे होणारा हा सामना २०२४ मध्ये लंडनमधीलच एका लहान क्रीडांगणावर हलविण्यात आला.