गोलंदाज आणावा कोठून?

संघाला आघाडीचा गोलंदाज हवा असला की चर्चा बहुधा नावांच्या यादीने सुरू होते. यादीतला प्रत्येक जण उत्तम असतो. त्यांपैकी खरोखर मिळण्याजोगा कोण, हा प्रश्न मात्र शेवटी उरतो. आमच्या मते आधी तोच विचारला पाहिजे, आणि विदर्भाच्या रणजी इतिहासात त्याचे बरेचसे उत्तर सापडते.

अमेरिकेतील बेसबॉलमध्ये हा व्यवहार उघड चालतो. सामन्याची सुरुवात करणारा पिचर हवा असेल, तर बदल्यात आपले होतकरू तरुण द्यावे लागतात. १९८७ साली डेट्रॉइटच्या संघाने डॉइल अलेक्झांडर हा मुरलेला पिचर मिळवला. उरलेल्या हंगामात त्याने नऊ सामने जिंकून दिले, एकही गमावला नाही. बदल्यात दिलेला जॉन स्मोल्ट्झ हा विशीतला मुलगा मात्र अटलांटाकडून दोन दशके खेळला आणि २०१५ साली त्या खेळाच्या कीर्तिमंदिरात दाखल झाला. मिळालेले लगेच दिसते, दिलेले फार उशिरा दिसते.

आपल्याकडे अशी अदलाबदल नाही. रणजी स्पर्धेत राज्य संघटनेला बाहेरचे तीनच खेळाडू घेता येतात आणि खेळाडूला मूळ संघटनेकडून ना हरकत प्रमाणपत्र आणावे लागते. संस्थानी काळात एवढेही बंधन नव्हते. नागपुरात जन्मलेले सी. के. नायडू १९२३ साली होळकरांच्या बोलावण्यावरून इंदूरला गेले. होळकर संघाने पुढे चार वेळा रणजी करंडक जिंकला. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात तर युद्धकाळात लष्करी सेवेसाठी हिंदुस्थानात आलेला डेनिस कॉम्प्टन त्यांच्याकडून खेळला. दरबार बोलावी आणि खेळाडू जाई. त्या काळी आमचा प्रदेश देणाऱ्यांत होता, घेणाऱ्यांत नव्हता.

विदर्भाने घेण्यास सुरुवात केली ती अलीकडे. एस. बद्रिनाथ, गणेश सतीश, वसीम जाफर आणि पुढे ध्रुव शौरी, करुण नायर ही पाहुण्यांची नावे पाहिली, तर ती सारी फलंदाजांची आहेत, हे ध्यानात येते. हा निव्वळ योगायोग आहे, असे आम्हांस वाटत नाही. मुरलेला फलंदाज चाळिशीतही उपयोगी पडतो. जाफरने २०१८-१९ च्या हंगामात हजारावर धावा केल्या त्या त्याच वयात. वेगवान गोलंदाजाचे तसे नसते. तो ऐन भरात असला तर त्याची संघटना त्याला सोडत नाही, आणि सोडते तेव्हा बहुधा त्याचा भर ओसरलेला असतो. तिसरी शक्यता म्हणजे तो राष्ट्रीय संघात आहे. मग तो आपलाच असला तरी हाती लागेलच असे नाही. २०१७-१८ च्या उपांत्य सामन्यात विदर्भाला उमेश यादव मिळाला, अंतिम सामन्यात मिळाला नाही.

अपवाद फिरकीचा. फिरकीपटू तिशीनंतर पिकतो, आणि एका संघात दोन सारखे फिरकीपटू झाले की एकाला वाट शोधावी लागते. मध्य प्रदेशातून केरळात गेलेला जलज सक्सेना किंवा एका हंगामापुरता विदर्भाकडे आलेला कर्ण शर्मा ही त्याची उदाहरणे.

म्हणून विदर्भाने धावा बाहेरून आणल्या, प्रशिक्षक चंद्रकांत पंडित बाहेरून आणले. बळी मिळवणारे मात्र घरीच घडवले. २०१७ च्या डिसेंबरमध्ये कोलकात्यात कर्नाटकाला १९८ धावा हव्या होत्या. रजनीश गुरबानी या स्थापत्य अभियंत्याने ६८ धावांत सात बळी घेतले आणि विदर्भ पाच धावांनी जिंकला. मग इंदुरात, होळकरांचे नाव धारण करणाऱ्या मैदानावर, दिल्लीविरुद्ध त्याने हॅट्ट्रिक साधली. नवा चेंडू हाताळणारा त्याचा साथीदार अकोल्याचा आदित्य ठाकरे होता. तो त्याचा पहिलाच प्रथम श्रेणी सामना. १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भ प्रथमच विजेता ठरला. हॅट्ट्रिकचा तिसरा बळी होता शतकवीर ध्रुव शौरी. २०२३ साली तोच विदर्भात आला. तो मिळू शकला. गुरबानीच्या तोडीचा गोलंदाज त्या डिसेंबरात कोणी दिला असता काय?

घरी घडवण्यालाही किंमत असते. २०१८-१९ च्या अंतिम सामन्यात अकरा बळी घेणारा डावखुरा फिरकीपटू आदित्य सरवटे पुढे केरळकडे गेला. २०२५ च्या अंतिम सामन्यात जामठ्याच्या त्याच मैदानावर विदर्भाविरुद्ध उभा राहून त्याने ७९ धावा काढल्या. तरीही करंडक विदर्भाकडेच आला, कारण हर्ष दुबे हा दुसरा डावखुरा फिरकीपटू तोवर तयार झाला होता. त्या हंगामात त्याने ६९ बळी घेऊन रणजीचा विक्रम मोडला. सरवटे गेला म्हणून पोकळी झाली नाही.

यातून मिळण्याजोगा कोण हे ठरवण्याच्या तीन कसोट्या निघतात: त्याची संघटना त्याला का सोडते आहे, तो पूर्ण हंगाम लाभेल काय, आणि त्याच्या येण्याने घरच्या कोणाची जागा जाते. पहिल्या दोन सर्वच विचारतात. तिसरी सहसा विचारली जात नाही, कारण ज्याची जागा जाते त्याचे नाव अजून कोणाला ठाऊक नसते.

यवतमाळ जिल्ह्यातील बोरी अरब विदर्भ संघटनेच्याच क्षेत्रात येते. दारव्हा तालुक्यातल्या या गावातून जामठा फार दूर आहे. वाटेत तालुका, जिल्हा, वयोगटाचे संघ अशा पायऱ्या आहेत. अंतिम अकरांत गोलंदाजांच्या जागा चार किंवा पाच. त्यांतली एक पाहुण्याला दिली, तर ती एका हंगामापुरतीच जाते असे समजू नये. अठरा वर्षांच्या मुलाला जे दोन हंगाम महत्त्वाचे असतात, त्यांतला एक जातो. वलनीच्या कोळसा खाणीतील कामगाराचा मुलगा उमेश यादव २००८ साली विदर्भाकडून उतरला, तेव्हा ती जागा रिकामी होती, हे विसरून चालणार नाही.

पाहुणे नकोतच, असे आमचे म्हणणे नाही. जाफरच्या शेजारी उभे राहून विदर्भाची एक पिढी फलंदाजी शिकली. परंतु फलंदाज उसना आणून घर सावरता येते. आघाडीचा गोलंदाज उसना मिळतो तो बहुधा दुसऱ्याला नकोसा झाल्यावरच. यादी करायचीच असेल, तर तिची सुरुवात आपल्याच जिल्ह्यांपासून करावी.